घोडा, चौकट आणि रिकामी जाळी

१९६६च्या फोर्ड मस्टँगसमोर उभं राहिलं की आपली नजर थेट जाळीच्या मधोमध जाऊन अडते. तिथे एका आयताकृती चौकटीत घोडा चौखूर उधळलेला असतो. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली, तेव्हा या चौकटीला आडव्या-उभ्या पट्ट्यांनी चहूबाजूंनी जखडलेलं होतं. ६६च्या साध्या मॉडेलवर त्या पट्ट्या गेल्या आणि मागे बारीक आडव्या रेघांची जाळी आली. एवढ्याशा वजाबाकीनं घोडा अधांतरी झाला, आणि अधांतरी झाल्यावरच तो खरा धावू लागला!

हा घोडा जस्ताच्या मिश्रधातूचा, ओतीव. अंगावर तांबं, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमची झिरझिरीत साय. वर्षानुवर्षांचा ओलावा या सायीतल्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतो, खालचं जस्त फुगतं आणि मानेवर, आयाळीवर बारीक पुळ्या उठतात. घायकुता कारागीर त्या घासून सपाट करतो आणि नवा मुलामा चढवतो. घोडा लखलखतो, पण आयाळ पुसून गेलेली असते. जाणता हात मात्र एकेक खड्डा कोरून स्वच्छ करतो, भरतो, तांब्याचा थर देऊन हलकेच घासतो, पुन्हा थर देतो, आणि केसाचा वळसा जिथे होता तिथेच परत आणतो. पुढच्या मडगार्डवरच्या बोधचिन्हात घोड्यामागे लाल, पांढऱ्या आणि निळ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्या खोलगट भागात बारीक कुंचल्यानं रंग सोडायचा आणि उंच कडांवर सांडलेला तेवढा पुसून घ्यायचा, हे काम पाहताना आपलाही श्वास नकळत रोखला जातो.

पण माझ्या मते खरं सुख आहे ते काचेभोवतीच्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांत. त्यांच्यावर मुलामा नाही. जो धातू वर दिसतो तोच आरपार, म्हणून पोचा आला तरी आशा उरते. मागच्या बाजूनं छोट्या हातोडीनं तो हळूहळू उचलायचा, मग पुढून कानस अगदी अलगद फिरवायची: उंचवटे तेवढे चमकून उठतात, खळगे काळपटच राहतात, आणि अजून कुठे ठोकायचं ते पट्टीच सांगते. पुढे ३२०, ४००, ६००, १००० अशी पॉलिश पेपरची उतरंड, शेवटी बफचं चाक. त्यातून जी झळाळी येते तिच्यात किंचित ऊब असते. शेजारच्या बंपरवरचा क्रोम निळसर, थंड. मूळ गाडीत हे दोन शुभ्र एकमेकांशेजारी नांदतात. सगळ्यालाच क्रोम चढवण्याची हौस अनेकांना असते; त्या हौसेत हा संवादच मुका होतो. (बंपर सरळ मुलामेवाल्याकडे द्यावा, त्यात फारसा रस नाही.)

आता जीर्णोद्धाराकडून स्वतःच्या मनासारख्या सजावटीकडे वळू या. पीटर येट्स दिग्दर्शित ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग जीटी झेपावते. काटेकोर मंडळी मस्टँगला ‘मसल कार’ न म्हणता ‘पोनी कार’ म्हणतील; बोनेटखालच्या ३९० घनइंचांच्या इंजिनापुढे तो वाद मला फिका वाटतो. या गाडीची जाळी पाहावी. घोडा नाही, चौकट नाही, धुक्यातले दिवे नाहीत, नुसता काळोख. नवी भर म्हणाल तर टॉर्क थ्रस्ट चाकं. ६६ साली फोर्डनं घोड्याभोवतीच्या पट्ट्या उतरवल्या होत्या, इथे प्रत्यक्ष घोडाच उतरवला, आणि तरी ही गाडी कोणती असा प्रश्न आपल्याला क्षणभरही पडत नाही, कारण आता छताचा उतार आणि दाराखालून मागे धावणारी वळी यांच्यावरच नजर ठरते. ज्याला दागिना उतरवण्याचं हे धाडस साधलं, त्याची सजावट मी वरची मानतो.

पडद्यावरची ही गाडी पुढे कित्येक वर्षं एका कुटुंबाकडे राहिली. जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या किसिमी इथल्या लिलावात, अंगावरचे सगळे ओरखडे-पोचे तसेच ठेवून, ती ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली.