‘शोकांतिका’ या शब्दाची अडचण

अॅरिस्टॉटलच्या काव्यविषयक ग्रंथाचे विंदा करंदीकर यांनी केलेले मराठी भाषांतर 1957 साली प्रसिद्ध झाले. असा ग्रंथ वाचताना पारिभाषिक शब्द हीच खरी कसोटी होय. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ता यांनी तो सिरियाक भाषेतून अरबीत आणला. ग्रीक रंगभूमीचा परिचय नसल्याने ‘ट्रॅजेडी’साठी ‘मदीह’, म्हणजे स्तुतिकाव्य, आणि ‘कॉमेडी’साठी ‘हिजा’, म्हणजे निंदाकाव्य, हे शब्द आले. बाराव्या शतकातील इब्न रुश्द यांचे भाष्यही त्याच शब्दांवर उभे आहे.

या चुकीला हसणे सोपे आहे. परंतु नाटक चांगले ठाऊक असलेल्या मराठीत रूढ झालेला ‘शोकांतिका’ हा शब्दही कमी फसवा नाही. त्यामुळे शोकपूर्ण शेवट ही अटच वाटू लागते. ग्रंथाच्या चौदाव्या प्रकरणात मात्र ओळख पटल्यामुळे हत्या टळते, त्या प्रसंगाला अॅरिस्टॉटल सर्वश्रेष्ठ ठरवतो; इफिजिनिया भावाचा बळी जाण्यापूर्वीच त्याला ओळखते. (तेराव्या प्रकरणात तो दुःखान्ताची बाजू घेतो, हा पेच अभ्यासकांना आजही छळतो.) व्याख्येत त्याने करुणा आणि भीती सांगितली आहे, शेवट नव्हे. त्या दृष्टीने ‘शोकात्मिका’ हा शब्द अधिक जवळचा म्हणावा लागेल. त्यातूनही भीती निसटते, ती निसटतेच.