साठ कार्डांची वीण

कवितेचे किंवा बंदिशीचे रसग्रहण करतात, तसे कार्डांच्या डेकचेही करता येते. 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळातला 'कॉ-ब्लेड' हा डेक त्या योग्यतेचा आहे. 2011च्या पूर्वार्धात स्पर्धांवर त्याची निर्विवाद सत्ता होती. पण केवळ जिंकत राहिला म्हणून त्याचे कौतुक करावे असे नाही. तो कसा जिंकतो आणि त्याला अडवायला आलेल्यांनी काय शोधून काढले, हे पाहू लागलो की त्याची खरी गोडी कळते.

रिचर्ड गारफिल्ड यांनी घडवलेला हा खेळ 1993 साली आला. प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेली किमान साठ कार्डे घेऊन बसतो. बेसिक लँड वगळता एका नावाची चारच कार्डे चालतात. दर टर्नला एक लँड मांडता येते, लँडमधून मॅना मिळतो आणि मॅना खर्चून बाकीची कार्डे उतरवता येतात. समोरच्याचे वीस लाइफ संपवले की डाव जिंकला. त्यामुळे या खेळात खरी चणचण दोनच गोष्टींची असते: हातातली कार्डे आणि मॅना. कॉ-ब्लेडची सगळी रचना या दोन चणचणींवरचा उपाय आहे.

पहिले कार्ड स्क्वॉड्रन हॉक. दोन मॅनाचा, एक बळ आणि एक टिकाव असलेला उडता पक्षी. एकटा पाहिला तर किरकोळ. पण तो उतरला की डेकमधले त्याचे तिन्ही भाऊ शोधून हातात घेता येतात. म्हणजे एक मारला तरी समोरच्याचे कार्ड वाया आणि याच्या हातात अजून तीन. ब्रायन किबलर यांनी 2010च्या डिसेंबरात जपानमधल्या चिबा इथल्या जागतिक स्पर्धेत हे हॉक आणि 'जेस, द माइंड स्कल्प्टर' यांची जोडी खेळवली. जेस चार मॅनाचा. त्याची एक शक्ती अशी की तीन कार्डे उचलायची आणि हातातली कोणतीही दोन डेकवर परत ठेवायची. आता वीण पाहा. हातात नको तितके हॉक जमले की जेसच्या बदल्यात ते परत ठेवायचे आणि नवी कार्डे घ्यायची. मग उरलेला हॉक उतरवला की ठेवलेले पुन्हा शोधून आणता येतात, शिवाय डेक पिसला जातो. तेच पक्षी दुसऱ्यांदा कामाला येतात!

2011च्या फेब्रुवारीत 'स्वोर्ड ऑफ फीस्ट अँड फॅमिन' ही तलवार आली आणि हे चित्र पूर्ण झाले. तिने सजलेल्या प्राण्याचा घाव समोरच्या खेळाडूला लागला की त्याला एक कार्ड टाकावे लागते आणि आपली सगळी लँड्स पुन्हा वापरायला मोकळी होतात. तलवार शोधून आणायला स्टोनफोर्ज मिस्टिक होतीच. ती दोन मॅनाला उतरते, डेकमधले एखादे शस्त्र हातात आणते आणि पुढच्या टर्नपासून आणखी दोन मॅना घेऊन ते थेट मैदानात मांडते. चौथ्या टर्नची कल्पना करा. चार लँड्स आहेत. दोन मॅनाने आधीच मैदानात असलेल्या प्राण्यावर तलवार चढवली, दोन मॅनाने हॉक उतरवला. वाट मोकळी मिळून घाव लागला, की चारही लँड्स ताजी, आणि त्याच टर्नला जेस मैदानात. चार लँड्समधून आठ मॅना! तलवार आल्यानंतर थोड्याच दिवसांत पॅरिसच्या प्रो टूरमध्ये बेन स्टार्क यांनी याच डेकने विजेतेपद मिळवले.

इथवरचे वाचन डेक खेळणाऱ्याचे. मला त्याहून सूक्ष्म वाटते ते त्याला हरवू पाहणाऱ्याचे वाचन.

मिस्टिक शस्त्र मांडते तेव्हा ते कार्ड 'खेळले' जात नाही. म्हणून मॅना लीकसारखे, खेळलेले कार्ड रद्द करणारे कार्ड त्या क्षणी निरुपयोगी. मेमध्ये 'बॅटरस्कल' आल्यावर हे फार जाचक झाले. हे पाच मॅनाचे शस्त्र स्वतःचाच चार बळाचा प्राणी घेऊन येते, मारतानाच लाइफ वाढवते आणि मिस्टिकमुळे तिसऱ्याच टर्नला उभे राहते. मग अडवायचे कुठे? मिस्टिक उतरल्यापासून तिची शक्ती जागी होईपर्यंत एका टर्नची फट असते. तेवढ्यात लाइटनिंग बोल्टने तिला टिपायचे. शस्त्र तोवर हातात पोचलेले असते, म्हणजे कार्डांच्या हिशोबात आपण मागेच राहतो. पण वेळ मिळतो. या डेकसमोर कार्डे देऊन वेळ विकत घ्यावा लागतो, हे ज्याला उमगले त्याने अर्धे रहस्य ओळखले.

जेसवरचा तोडगा तर नियमांच्या पोटातून निघाला. त्या काळी एकाच नायकाची दोन रूपे मैदानावर आली की दोन्ही बाद होत. चार मॅनाच्या जेससमोर तीन मॅनाचा जुना 'जेस बेलेरेन' उतरवला की दोघेही गेले. स्वस्त कार्डाने महाग कार्ड नेले, आणि तेही हल्ला न करता. कार्डावर छापलेल्या मजकुरापलीकडे, खेळाच्या व्याकरणात उत्तर शोधणारी ही नजर मला फार मोलाची वाटते.

तिसरी वाट 'स्प्लिंटर ट्विन'ची. तिथे डिसीव्हर एक्झार्क हा प्राणी कॉ-ब्लेडच्या टर्नच्या अखेरीस अचानक उतरतो आणि त्याचे एक लँड अडकवतो. आपल्या टर्नला त्याच्यावर ट्विन चढवले की एक्झार्कच्या हव्या तितक्या प्रती निघतात आणि डाव तिथेच संपतो. या धास्तीने कॉ-ब्लेडवाल्याला मॅना राखून बसावे लागते. ज्या डेकची ऐट मॅना उधळण्यात, त्याला हात आखडायला लावणे हा त्याच्या स्वभावावरचाच घाव होता. आणि दोन्ही बाजूंना कॉ-ब्लेडच असले तर? तेव्हा दोघेही लँड्स मोकळी ठेवून थांबत. आधी मॅना संपवणारा बहुधा फसे. असे डाव लांबत, आणि त्यात कसलेला खेळाडू पुन:पुन्हा वर येई.

हे सगळे तोडगे खरे होते, पण एकही पुरेसा नव्हता. मिस्टिक मारली तर हॉक उरत, हॉक साफ केले तर जेस हात भरून काढी, जेस गेला तर तलवार शिल्लक राही. अखेर 20 जून 2011ला स्टँडर्ड या स्पर्धाप्रकारात जेस आणि स्टोनफोर्ज मिस्टिक यांच्यावर बंदी जाहीर झाली. त्या प्रकारात 2005 नंतर कुठल्याही कार्डावर बंदी आली नव्हती.

त्यानंतरही हॉक आणि तलवार एकत्र घेऊन खेळाडू स्पर्धांना येत राहिले. माझ्या लेखी याहून मोठी पावती नाही. सर्वात समर्थ दोन कार्डे काढून घेतल्यावरही जी रचना उभी राहते, तिचे सामर्थ्य त्या कार्डांइतकेच त्यांच्यामधल्या नात्यांतही असते. आणि ती नाती सर्वात बारकाईने वाचली, ती त्या डेकला हरवण्यासाठी रात्री जागवणाऱ्यांनी. कोणत्याही कलाकृतीला असा वाचक मिळाला, तर तिने आणखी काय मागावे?