किरणोपचारातील चिकित्सालयीन चाचण्या आणि राष्ट्रीय सहकार्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

कर्करोगावरील कोणतीही नवी उपचारपद्धती रूढ होण्यापूर्वी ती क्लिनिकल ट्रायलच्या, म्हणजेच चिकित्सालयीन चाचणीच्या कसोटीस उतरावी लागते. किरणोपचारही यास अपवाद नाही. मात्र औषधाच्या व किरणोपचाराच्या चाचणीत एक मूलभूत भेद आहे. गोळ्या रुग्णाबरोबर घरी देता येतात; लिनिअर ॲक्सिलरेटर देता येत नाही. रुग्णालाच आठवड्यातून पाच दिवस, अनेकदा तीन ते सात आठवडे, यंत्रापर्यंत यावे लागते. म्हणून अशा चाचणीत कोणास सहभागी होता येईल, हे रोगाच्या अवस्थेइतकेच अंतर, प्रवासखर्च व बुडणारी मजुरी यांवर ठरते. राष्ट्रीय सहकार्याने हा अडथळा कितपत दूर होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन चाचण्या, दोन रचना

ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ या चाचणीत स्तनाच्या कर्करोगासंबंधी एक नेमका प्रश्न विचारला गेला. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांत १५ मात्रांत ४० ग्रे किरणोपचार देण्याऐवजी एकाच आठवड्यात ५ मात्रांत २६ किंवा २७ ग्रे दिल्यास चालेल काय, हा तो प्रश्न होय. नोव्हेंबर २०११ ते जून २०१४ या काळात तीत ४,०९६ रुग्णांची नोंद झाली. सहभागी ९७ रुग्णालयांपैकी किरणोपचाराची केंद्रे ४७ होती. उरलेली ५० रुग्णालये रुग्णांना या केंद्रांकडे पाठविणारी होती. स्थानिक पुनरुद्भवाच्या निकषावर ५ मात्रांतील २६ ग्रेची पद्धती उणी ठरत नाही, हा पाच वर्षांचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ‘पॉप-आरटी’ ही चाचणीही नोव्हेंबर २०११ मध्येच सुरू झाली. पुरःस्थ ग्रंथीच्या उच्च जोखमीच्या कर्करोगात श्रोणीतील लसीकाग्रंथींनाही किरणोपचार द्यावेत काय, हा तिचा विषय होता. एकाच केंद्रातील या चाचणीत २२४ रुग्णांची नोंद होण्यास ऑगस्ट २०१७ उजाडला. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांची आंतरराष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली.

या दोहोंची तुलना सरळसोट करणे योग्य ठरणार नाही. रोग भिन्न, निवडीचे निकष भिन्न आणि आवश्यक रुग्णसंख्याही भिन्न. भारतीय संशोधनाची शास्त्रीय गुणवत्ता कमी नाही, हे तर दुसऱ्या उदाहरणाने सिद्धच होते. उणीव दिसते ती पोहोचण्याची. एका केंद्राच्या चाचणीत त्या केंद्रापर्यंत येऊ शकणाराच रुग्ण असतो. लांबच्या जिल्ह्यातील रुग्णावर तिचे निष्कर्ष लागू होतात. परंतु त्याच्या शरीराची, पोषणाची व उशिरा झालेल्या निदानाची नोंद त्या पुराव्यात नसते.

सदस्यसंख्या म्हणजे सहकार्य नव्हे

भारतात २०१२ साली टाटा स्मारक केंद्राच्या समन्वयाखाली नॅशनल कॅन्सर ग्रिडची स्थापना झाली. आज तिच्या सदस्य संस्थांची संख्या ३०० हून अधिक आहे. उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे व सहकारी संशोधन ही तिची उद्दिष्टे स्तुत्यच होत. तथापि रुग्णाच्या दृष्टीने पाहता खरा निकष निराळा आहे. जवळच्या रुग्णालयातील डॉक्टरास सुरू असलेली चाचणी ठाऊक आहे काय, आणि तेथूनच रुग्णास तीत प्रवेश मिळतो काय? ‘फास्ट-फॉरवर्ड’मधील ५० रुग्णालयांचे महत्त्व येथे आहे. यंत्र नसलेले रुग्णालयही चाचणीचे दार होऊ शकते.

अनेक केंद्रे एकत्र आली की गुणवत्तेचा प्रश्न उद्भवतो. एका केंद्रातील २६ ग्रे म्हणजे दुसऱ्या केंद्रातीलही २६ ग्रेच, याची खात्री नसेल तर निष्कर्षांना अर्थ उरत नाही. ब्रिटनमध्ये किरणोपचार-चाचण्यांच्या गुणवत्ता-हमीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय गट आहे. मात्रामापनाचे कौशल्य भारतातही आहे. ते भाभा अणुसंशोधन केंद्राने जोपासले आहे. लहान केंद्रांना ‘अपात्र’ म्हणून वगळण्यापेक्षा या कौशल्याच्या आधारे त्यांना पात्र करणे, हेच सहकार्याचे कार्य मानले पाहिजे.

सहकार्याची रचना कायमची असते असेही नाही. ब्रिटनमध्ये किरणोपचार संशोधनासाठी २००९ साली राष्ट्रीय कार्यगट स्थापन करणारी नॅशनल कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था २०२३ मध्ये बंद झाली. निधीचा पाया डळमळीत असेल तर यशस्वी रचनाही टिकत नाही.

समारोप

चाचणीतील सहभाग म्हणजे अधिक चांगल्या उपचाराची हमी नव्हे. तसे आश्वासन देणे अनैतिकच ठरेल. प्रश्न न्याय्य संधीचा आणि पुराव्याच्या प्रातिनिधिकतेचा आहे. ‘रुग्ण तयार होत नाहीत’ हे विधान करण्यापूर्वी त्यांना विचारले गेले होते काय, त्यांच्या भाषेत माहिती दिली गेली होती काय, आणि उपचारकाळात त्यांच्या निवासाची सोय होती काय, हे तपासावे लागेल. चाचणीच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या वेळेबरोबर रुग्णाच्या प्रवासाचा व मुक्कामाचाही खर्च धरला जाईल, तेव्हाच राष्ट्रीय सहकार्य हे नाव सार्थ होईल.