वसईचे दोन किल्ले

ऐतिहासिक स्थळें पाहावयास जाणाऱ्यांची संख्या आपल्याकडे दिवसेंदिवस वाढत आहे. तीं स्थळें कशीं पाहावीं हें सांगणारें लेखन मात्र त्या मानानें वाढलेलें नाहीं. जें आहे त्यांतील बरेंचसें दोन जातींत सहज वांटतां येतें. एका जातीचा लेखक पडक्या भिंतीपाशीं उभा राहून उसासे टाकतो. दुसऱ्या जातीचा त्याच भिंतीवर चढून जयघोष करितो. ती भिंत कोणी बांधली, केव्हां बांधली, आणि ती नेमकी याच जागीं कां ढासळली, हें विचारण्याची गरज दोघांनाही फारशी भासत नाहीं. अशा लेखनाचा परामर्श घ्यावयाचा तर एखादें ठळक उदाहरण समोर असलेलें बरें, म्हणून आम्ही वसई निवडली आहे. मुंबईच्या इतक्या जवळचें, इतकें विस्तीर्ण आणि इतकें अर्धवट वाचलें गेलेलें स्थळ दुसरें क्वचितच सांपडेल.

वसईचा किल्ला सुमारें ११० एकरांचा आहे. किल्ला म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें डोंगर, चढण आणि बालेकिल्ला असें चित्र उभें राहतें; त्या कल्पनेनें येथें येणारा मनुष्य प्रथम गोंधळतो. हें खाडीच्या मुखाशीं सपाटीवर वसविलेलें तटबंद शहर होतें. त्याचे मुख्य दरवाजे दोन, एक पाण्याकडील व दुसरा जमिनीकडील; आणि मध्यें रस्ते, चौक, मठ, चर्चें व वाडे. किल्लाबंदरच्या कोळीवाड्यास जाणारा रस्ता आजही या किल्ल्याच्या पोटांतूनच जातो. त्यामुळें वर्णनकार ज्या जागेला ओसाड, निर्जन म्हणतात त्या जागेंतून मासळीच्या टोपल्या आणि शाळेचीं मुलें यांची ये-जा चालू असते. एवढी एक गोष्ट ध्यानांत घेतली असती तरी पुष्कळ उसासे वांचले असते!

पहिला किल्ला या उसाशांचा. त्याच्या मुळाशीं मात्र एक खरोखर चांगला ग्रंथ आहे, हें आधीं सांगितलें पाहिजे. डॉ. जोझे जेर्सन द कुन्हा हे गोव्यांत जन्मलेले व मुंबईंत वैद्यकी करणारे गृहस्थ. नाण्यांचा त्यांचा व्यासंग मोठा. चौल व वसई या दोन गांवांचा इतिहास आणि तेथील प्राचीन अवशेष यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८७६ सालीं मुंबईंत प्रसिद्ध झाला. या ग्रंथाचा खरा गुण त्याच्या चिकाटींत आहे. द कुन्हा दगडापुढें बसतात आणि त्यावरील अक्षर वाचल्याखेरीज उठत नाहींत. मुख्य चर्चच्या दर्शनी भिंतीवरील शिलालेखांत, दोम आलेशु द मेनेझेस हे आर्चबिशप असतां १६०१ सालीं त्या चर्चचा जीर्णोद्धार झाला, असें कोरलेलें आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरसबंदींत बसविलेल्या थडग्यांच्या दगडांवर तेथें पुरलेल्या माणसांचीं नांवें आहेत, त्यांचे हुद्दे आहेत, मृत्यूचीं वर्षें आहेत. हे लेख उतरून घेतल्यामुळें पोर्तुगीज भाषेचा गंध नसलेल्या प्रवाशालाही त्या फरसबंदीवर पाय ठेवतांना आपण कोणाच्या नांवावरून चाललों आहों हें कळूं शकतें. प्रवाशाच्या हातीं द्यावयाच्या ग्रंथाकडून याहून अधिक काय मागावें?

दोष आहे तो या ग्रंथाच्या मागून आलेल्या वर्णनकारांचा. त्यांनीं शिलालेख सोडून दिले आणि नुसती खिन्नता उचलली. वेलींनीं गिळलेले मनोरे, छप्पर नसलेल्या कमानी, मावळता सूर्य, आणि गेलेल्या वैभवासाठीं चार ओळी, हा त्यांचा ठरलेला सांचा. वैभव कोणाचें होतें व तें कशावर उभें होतें, हा प्रश्न या सांच्यांत बसत नाहीं. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें, पाठीशीं हुमायूनचें भय असल्यामुळें, वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतरच्या दोनशें वर्षांत या प्रांतांतील देवळें पाडलीं गेलीं आणि धर्मांतरासाठीं सक्ती व आमिष या दोहोंचा उपयोग झाला. हे उल्लेख टाळून केलेलें वसईचें वर्णन कितीही हळवें असलें तरी अपुरेंच राहणार. तें अपुरें राहतें याची खूण अशी कीं, हा शोक वाचून झाल्यावर हें शहर पडलें कां याचें उत्तर वाचकाला मिळत नाहीं. जणूं कांहीं वेलींनींच तें जिंकलें!

दुसरा किल्ला जयघोषाचा. येथें आमचें मन साहजिकच अधिक रमतें, आणि तें रमूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें, आणि दोन वर्षांच्या झुंजीनंतर मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. हा पराक्रम हिंदुस्थानाच्या इतिहासांत ठळक अक्षरांनीं लिहिण्याजोगा आहे, यांत शंका नाहीं. तटाखालीं भुयारें खणून सुरुंग ठासले गेले. सेबास्तियन बुरूज उडाला. पडलेल्या खिंडारांतून चढणारीं माणसें तोफांच्या व हातगोळ्यांच्या माऱ्याखालीं पुनःपुन्हां मागें लोटलीं गेलीं आणि पुनःपुन्हां चढलीं. या वेढ्यांत मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून ५००० वर माणसें खर्चीं पडलीं असें ग्रँट डफ सांगतो. गड हातीं येत नसेल तर माझें मस्तक तरी तोफेंतून आंत पडूं द्या, असें चिमाजी आप्पा म्हणाल्याची कथा घरोघर सांगितली जाते.

परंतु ही कथा सांगणारे बहुतेक लेखक एक चूक करितात. ते शत्रूला लहान करितात. पोर्तुगीज म्हणजे ऐषआरामांत बुडालेले, कुजलेले लोक, असें एकदां ठरविलें कीं मग त्यांचा किल्ला घेण्यांत पुरुषार्थ तो कोणता? ज्या प्रवाशानें या तटाची रुंदी पायांनीं मोजली नाहीं, एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजाच्या पायथ्यावर मारा कसा चालतो हें वांकून पाहिलें नाहीं, त्याला १७३९ चें मोल कळणें अशक्य आहे. पोर्तुगीज स्थपतीची बुद्धि वाचल्याखेरीज मराठ्यांच्या सुरुंगाची बुद्धि वाचतां येत नाहीं. या अर्थानें पहिल्या किल्ल्याचें ज्ञान हें दुसऱ्या किल्ल्याच्या अभिमानाचें भांडवलच आहे. आणि तेंच फेंकून देऊन आमचे जयघोषकार व्यापारास बसतात.

शिवाय त्यांची कथा निशाण चढतांच थांबते. शरण आलेल्यांना बायकामुलें व चीजवस्तु घेऊन सन्मानानें निघून जाण्यास मुभा देण्यांत आली, हा विजयाचाच भाग होय, आणि आमच्या मतें त्यांतील उत्तम भाग होय. पण तो ओझरता येतो. १७८० सालीं इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें हाच किल्ला मराठ्यांकडून घेतला, तें तर बहुधा येतच नाहीं. आणि १८०२? त्या वर्षीं हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांपुढून पळालेला दुसरा बाजीराव याच वसईस येऊन ३१ डिसेंबर रोजीं कंपनी सरकारच्या तहावर सही करून बसला. पेशवाईनें आपला एक मोठा विजय जेथें मिळविला, तेथेंच त्रेसष्ट वर्षांनीं तिनें आपलें स्वातंत्र्य लिहून दिलें. एखाद्या नाटककाराला सुचलें असतें तर अतिशयोक्त म्हणून आम्ही त्याला नांवें ठेविलीं असतीं. वसईच्या वर्णनांत मात्र या घटनेला बहुधा एखादें वाक्य मिळतें, तेंही तह कोठें झाला एवढें सांगण्यापुरतें.

वसईचा एक भाग वसईंत नाहीं, आणि तो पाहिल्याखेरीज प्रवाशाचें दर्शन पुरें होत नाहीं. येथील चर्चांच्या घंटा विजयानंतर महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकास गोदावरीच्या काठीं नारोशंकरानें १७४७ सालीं बांधलेल्या देवळाच्या तटावर एक टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हें वर्ष आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याचा प्रघात तिच्यावरूनच पडला. वाईजवळ मेणवलीस, नाना फडणिसांच्या वाड्यामागील कृष्णेच्या घाटावर दुसरी आहे. ती १७०७ सालची, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृति स्पष्ट आहे. या घंटांविषयीं मार्गदर्शक जें सांगतात तें एका शब्दांत संपतें: लूट. तो शब्द खोटा नाहीं. पण घंटेचा धातु वितळवून तोफ ओततां येते, हें त्या काळच्या सरदारांना ठाऊक नव्हतें असें थोडेंच आहे? त्यांनीं त्या वितळविल्या नाहींत, त्यांवरील अक्षरें घासून काढलीं नाहींत, मरियेची आकृतिही राहूं दिली, आणि महादेवाच्या दारांत त्या वाजूं दिल्या. यामागें भक्ति होती, कौतुक होतें, कीं विजयाची खूण शाबूत ठेवण्याची हौस होती, यावर मतभेद होऊं शकेल. तो मतभेद सुरू करून देणें हेंच मार्गदर्शकाचें काम, आणि नेमकें तेंच तो करीत नाहीं.

आतां ज्यासाठीं आम्हीं हें लिहावयास घेतलें त्या गोष्टीकडे येतों. या दोन्ही किल्ल्यांत वसईच्या माणसाला जागा नाहीं. किल्ल्याच्या भोंवतीं पिढ्यान् पिढ्या राहणारे ख्रिस्ती शेतकरी व कोळी मराठी बोलतात. त्यांच्यांतील सामवेदी समाजाची कादोडी ही मराठीचीच एक बोली आहे. केळीचे मळे त्यांनीं राखले, राजेळी केळीं वाळवून सुकेळीं केलीं, होड्या त्यांनीं हांकल्या. उसासे टाकणारा त्यांच्याकडे पाहतो तो गेलेल्या पोर्तुगीजांची मागें राहिलेली सावली म्हणून. जयघोष करणारा पाहतो तो हरलेल्या पक्षाचें शिल्लक माणूस म्हणून. दोघांच्याही लेखीं ते आपल्याच गांवीं पाहुणे! वस्तुतः १७३९ मध्यें जहाजांत बसून गेले ते निराळे, आणि शेतांत राहिले ते निराळे. गोन्सालो गार्सिया हा याच वसईचा, पोर्तुगीज पिता आणि येथील माता यांचा पुत्र. १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें तो हुतात्मा झाला व १८६२ सालीं संतपदास पोहोंचला. त्याचा सण वसईकर आजही पाळतात. १५३४ आणि १७३९ या दोनच तारखांवर उभ्या केलेल्या कथेंत त्याला कोठें बसवावयाचें? आणि याच मातींतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्यांना कोणत्या किल्ल्यांत ठेवावयाचें? शाळेच्या सहलींतून वसईचें एखादें ख्रिस्ती मूल या तटाशीं येतें आणि मार्गदर्शक ‘आपण’ व ‘ते’ असे दोन शब्द वापरूं लागतो, तेव्हां त्या मुलानें कोणत्या बाजूस उभें राहावें हें त्याला कोणी सांगत नाहीं. स्थलवर्णनांतला हा दोष केवळ वाङ्मयीन नाहीं.

सरकारी पाटीविषयीं लिहिण्यासारखें थोडें आहे. स्मारक संरक्षित आहे, त्यास इजा केल्यास शिक्षा होईल, एवढें ती सांगते, आणि तें योग्यच आहे. भिंतींवर कोरलेलीं बदामांचीं चित्रें पाहिलीं म्हणजे ती पाटीही कमीच पडते असें वाटतें. लग्न ठरलेलीं जोडपीं छायाचित्रकारांना घेऊन येथें येतात, त्यांवर कांहीं लोक फार रागावतात. आम्हांला त्यांचा तितकासा राग येत नाहीं. पडक्या कमानीचा उपयोग पार्श्वभूमी म्हणून करणें हें आमच्या वर्णनकारांनींच त्यांना शिकविलें आहे.

यापेक्षां चांगलें पुस्तक कसें असावें? तें लहान असावें, आणि पावलागणिक लिहिलेलें असावें. जमिनीकडील दरवाजांतून आंत शिरतांच वांकण कां आहे, हें त्यानें सांगावें. किल्ल्यांतील नागेश्वर व वज्रेश्वरी यांच्या देवळांपाशीं थांबून चिमाजी आप्पांनीं वज्रेश्वरीला केलेला नवस व त्यासाठीं वडवलीस बांधलेलें देऊळ यांची हकीकत द्यावी. मुख्य चर्चच्या मनोऱ्याच्या चक्राकार जिन्यापाशीं १६०१ चा लेख मराठींत द्यावा. खिंडार पडलें तेथें मराठ्यांचे मेलेले आणि पोर्तुगीजांचे मेलेले या दोहोंची गणती द्यावी. आणि किल्लाबंदराशीं पोहोंचल्यावर तेथील एखाद्या म्हाताऱ्याशीं बोलण्याइतका वेळ वाचकाजवळ शिल्लक ठेवावा. विशेषणें जितकीं कमी तितकें बरें.

या कामांत घाई करण्यासारखें एकच आहे. फ्रान्सिस्कन चर्चचें छप्पर केव्हांच गेलें असून फरसबंदींतील थडग्यांचे दगड उघड्यावर आहेत. दर पावसाळ्यांत त्यांवर शेवाळ चढतें, दर उन्हाळ्यांत तें वाळतें, आणि सुटीच्या दिवसांत शेंकडों जोडे त्या अक्षरांवरून फिरतात. कित्येक ओळी आतां बोटांनीं चांचपूनही लागत नाहींत. ज्या ओळी पुसल्या त्यांच्यासाठीं द कुन्हांचा १८७६ चा ग्रंथ उघडावा लागतो. ज्या उरल्या आहेत त्या उतरून घेण्यास कागद, शिसपेन्सील आणि हिंवाळ्यांतल्या चार सकाळी पुरतील.