शार्कच्या माथी

‘द सायलेंट वर्ल्ड’मधला सगळ्यात बदनाम प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा आहे. ‘कॅलिप्सो’ नावाचं जहाज हिंदी महासागरात स्पर्म व्हेलच्या कळपामागे लागतं. कळपातलं एक पिल्लू जहाजाच्या पंख्यात सापडून फाटतं. ते वाचणार नाही हे दिसल्यावर जहाजावरचे लोक त्याला गोळी घालून संपवतात. रक्ताच्या वासाने शार्क जमतात आणि पिल्लाचे लचके तोडायला लागतात. मग खलाशांचं डोकं फिरतं. गळ टाकून ते शार्कना डेकवर ओढतात आणि कुऱ्हाडी, आकड्या, जे हाताला लागेल त्याने ठेचून मारतात. जगभरच्या दर्यावर्दींचं शार्कशी हाडवैर असतं, असं काहीसं निवेदन वर चालू असतं.

आज हा तुकडा फोनवर बघणारे दोनपैकी एक काहीतरी म्हणतात. ‘किती नीच माणसं!’ किंवा ‘काळच तसा होता.’ मला दोन्ही पटत नाही.

जाक कूस्तो आणि लुई माल यांचा हा १९५६चा सिनेमा. माल तेव्हा तेवीस वर्षांचा पोरगा होता. कानमध्ये सिनेमाला पाम द’ओर मिळालं, आणि पुढे ऑस्करही. त्यानंतर थेट २००४पर्यंत दुसऱ्या कुठल्याही माहितीपटाला पाम द’ओर मिळालं नाही. काळ्याभोर पाण्यात जळते पलिते हातात धरून खाली उतरणारे डायव्हर, हे सुरुवातीचं दृश्य आजही अंगावर येतं. गोप्रो आणि ड्रोनच्या जमान्यातही.

‘कॅलिप्सो’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली सुरुंग काढणारी बोट. नंतर ती माल्टात फेरी म्हणून चालली आणि मग वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने कूस्तोच्या हाती आली. माणसं तिच्यावरच राहतात, जेवतात, झोपतात आणि तिच्यावरूनच पाण्यात उड्या मारतात. आपण आज ज्याला लाइव्हअबोर्ड म्हणतो, तेच. तांबड्या समुद्रातल्या ज्या ‘थिसलगॉर्म’च्या सांगाड्यावर आज लाइव्हअबोर्ड बोटींची रांग लागते, तोही या सिनेमात आहे. सकाळी डेकवर तयारी, मग पाणी, मग मासे, मग संध्याकाळचं ताट हा आजच्या डायव्हिंग व्लॉगचा साचाही मला इथेच पडलेला दिसतो.

पण या लोकांची समुद्राशी पहिली ओळख कॅमेऱ्याने झालेली नव्हती. ती भाल्याने झाली. कूस्तो, फिलिप तायये आणि फ्रेदेरिक द्यूमा हे तिघे तुलोंच्या किनाऱ्यावर दम रोखून मासे मारायचे. एमिल गान्यांबरोबर कूस्तोने अ‍ॅक्वालंग बनवलं ते १९४३मध्ये. त्याच्या आधीच त्याने पाण्याखाली पहिला सिनेमा काढला होता, आणि तो भाल्याच्या शिकारीचाच होता. ‘सायलेंट वर्ल्ड’मधला कॅमेरा इतका धीराचा का आहे, मासा कुठून निघणार हे त्याला आधीच कसं कळतं, याचं उत्तर मला या शिकारीत सापडतं. दबा धरणाऱ्याची नजर आहे ती.

शिकारीचं मला वावडं नाही. सिनेमात एक डायव्हर शेवंड पकडायला खोल जातो, वर आल्यावर त्याचे सांधे दुखायला लागतात, आणि त्याला दाबाच्या टाकीत कोंडावं लागतं. बाहेर बाकीचे त्याच शेवंडांवर ताव मारतात. काय सुंदर प्रसंग आहे! हाव आहे, तिची किंमत आहे, आणि मित्रांचा निर्दय विनोदही आहे. मालवणातही मोरीचं मटण आवडीने खातात. पण मोरीला शिक्षा म्हणून कुणी मारत नाही.

माझी तक्रार शिक्षेच्या या भाषेबद्दल आहे. प्रसंगांचा क्रम बघा. कळपामागे जहाज लागलं, पंखा जहाजाचा, गोळी जहाजावरून सुटली. पण सूडाच्या वेळी गुन्हेगार कोण, तर सगळ्यात शेवटी आलेला शार्क. पिल्लाच्या मरणाचं सगळं पाप संकलनाने अलगद त्याच्या माथी मारलेलं आहे. इथे सिनेमा खोटं बोलतो.

‘काळच तसा होता’ म्हणून हे सुटत नाही, कारण याच सिनेमात दुसरा एक प्रसंग आहे. ही मंडळी प्रवाळात डायनामाइट फोडतात आणि मेलेले मासे गोळा करून मोजतात. त्यात पाणी पिऊन टम्म फुगलेला केंड मासाही असतो. बघवत नाही. पण तिथे निवेदक स्वतःच कबूल करतो की हा विध्वंस आहे, आणि वर शास्त्रासाठी दुसरा इलाज नाही असंही सांगतो. ती सबब तुम्हाला पटो न पटो, करणाऱ्याने आपलं नाव लपवलेलं नाही. म्हणजे १९५६मध्ये शब्द होते, लाजही होती. व्हेलच्या वेळी ती वापरली नाही, एवढंच.

जोजोचंही तेच. अझम्प्शन बेटाजवळ भेटलेलं हे भलंमोठं हेकरू डायव्हरांच्या मागेमागे फिरतं, खाऊच्या पिशवीवर झडप घालतं, त्यांच्याबरोबर नाचतं. दुसऱ्या माशांना खाऊ घालता यावा म्हणून शेवटी त्यालाच शार्कपासून बचावाच्या पिंजऱ्यात कोंडतात. प्रेक्षक खळखळून हसतो. हेकरू म्हणजे भूमध्य समुद्रातल्या भालेवाल्यांची लाडकी शिकार. याला नाव मिळालं म्हणून हा मित्र झाला. शार्कना कुणी नाव दिलं नाही.

वेस अँडरसनने २००४च्या ‘द लाइफ अ‍ॅक्वाटिक’मध्ये नेमकी हीच गोम पकडली. त्याचा लाल टोपीवाला दर्यावर्दी मित्राला खाणाऱ्या शार्कचा सूड घ्यायला निघतो, आणि शार्क समोर आल्यावर त्याच्या हातून काहीच होत नाही. मला तो सिनेमा अर्ध्या ठिकाणी कंटाळवाणा वाटतो, पण ते दृश्य कूस्तोवरची सगळ्यात चांगली समीक्षा आहे.

कूस्तो पुढे बदलला, समुद्र वाचवा म्हणून आयुष्यभर बोलत राहिला. ते खरंच मोठं काम आहे. म्हणून या सिनेमातला शार्कचा प्रसंग कापावा असं काहींना वाटेल. मला अजिबात वाटत नाही. दीड तासापेक्षा थोडा कमीच आहे; बघाल तर अख्खा बघा. क्लिपमध्ये जोजो नसतो आणि डायनामाइटही नसतं, त्यामुळे तिथे तो प्रसंग नुसता क्रूर दिसतो, खोटा दिसत नाही.