कच्चेरी, बोलपट आणि तंतुवाद्ये

कचेरी म्हटले की आपणां नोकरदार मराठी मंडळींस फायलींचे ढीग आठवतात. तमिळ देशात मात्र कच्चेरी म्हणजे गाण्याची मैफल. या कच्चेरीत आणि बोलपटात तंतुवाद्यांच्या वाट्यास काय येते, हे पाहावयाचे तर पापनाशम शिवन् (1890–1973) यांच्या रचनांहून चांगले उदाहरण आम्हांस दिसत नाही. तंजावर व कुंभकोणम् यांच्या मधल्या पापनाशम गावी वास्तव्य केल्यामुळे त्या गावाचे नाव त्यांस कायमचे जडले.

बोलपटांत ते आले आपल्या ‘प्रभात’ने काढलेल्या ‘सीताकल्याणम्’ (1934) या तमिळ चित्रपटातून. पुढे ‘हरिदास’ (1944) मधील त्यांचे चारुकेशी रागातील ‘मन्मद लीलै’ हे पद त्यागराज भागवतरांच्या कंठातून घरोघरी पोचले. तेथे वाद्यमेळाची बाजू जी. रामनाथन् यांनी सांभाळली. ही वाटणी पुष्कळ काही सांगून जाते: पद एकाने रचावे आणि तंतूंची व्यवस्था दुसऱ्याने लावावी!

कच्चेरीत व्हायोलिनवादक गायकाच्या मागोमाग चालतो. गळ्यातून निघालेले गमक तत्क्षणी त्याच्या गजातून उमटते. आधी लिहिलेले काही नसते. बोलपटात अनेक व्हायोलिने एकत्र वाजावयाची तर प्रत्येक स्वर आधी ठरवावा लागतो, आणि इतक्या हातांतून एकच गमक एकाच आंदोलनाने निघणे कठीण. मग गमके छाटली जातात आणि उरलेले सरळ सूर दोन कडव्यांमधील रिकामी जागा भरतात. एकीकडे अनुचर, दुसरीकडे भराव!

शिवन् यांच्या रचना दोन्हीकडे रुजल्या, कारण राग त्यांच्या शब्दांतच मुरलेला असे. हे त्यांचे थोरपण. परंतु गीताच्या या सामर्थ्यानेच तंतूंची उणीव झाकली गेली, असे आमचे मत आहे. वीणाही बहुधा गळ्यासाठी रचलेल्या कृतीच वाजवते. श्रोता मनातल्या मनात शब्द म्हणतो आणि तृप्त होतो. तानम् हा सन्मान्य अपवाद. तेथे लयीत चालणारे स्वरसमूह वीणेच्या छेडण्याशी इतके एकरूप होतात, की अर्थपूर्ण शब्दांची आठवणही होत नाही. मात्र ते त्या वेळी सुचते व तेथेच विरते.

‘सीताकल्याणम्’मध्ये बालनट म्हणून आलेले एस. बालचंदर (1927–1990) पुढे वीणावादक म्हणून ख्यातनाम झाले, आणि एकही गाणे नसलेला ‘अंद नाळ’ (1954) हा चित्रपटही त्यांनीच दिग्दर्शित केला. गीतावाचून चित्रपट उभा राहतो हे एका वीणावादकाने दाखवावे, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. चित्रपटातील शब्दहीन प्रसंगांसाठी तानम्‌च्या वळणाने रचना का होऊ नये? एकट्या वीणेस गमके छाटावी लागणार नाहीत आणि क्षणात विरणारे ते स्वर ध्वनिमुद्रणात टिकतील. बदलीच्या गावी कच्चेरीस जाण्याचा योग येईल, तेव्हा वाचकांनी तानम्‌कडे विशेष लक्ष द्यावे. तंतूंस स्वतःचे बोलणे आहे की नाही, याचा निवाडा तेथे होईल.