आभासी झाड आणि खरा कागद

संगणकाच्या आभासी जगात एखादे झाड स्वतःच्या हाताने तोडले, तर त्या अनुभवामुळे माणूस खऱ्या जगात कागद जपून वापरतो, असे विधान पर्यावरण शिक्षणाच्या चर्चेत अधूनमधून केले जाते. त्याला शास्त्रीय आधार आहे, हे खरेच. पण तो आधार किती भार पेलू शकतो? आभासी वास्तवाची उपकरणे घ्यावीत, की तेच पैसे मुलांना ओढ्याकाठी, माळावर नेण्यासाठी खर्चावेत, असा पेच ज्या शाळेपुढे आहे तिला हे ठाऊक असायला हवे. म्हणून तो आधार आम्ही येथे तपासून पाहत आहोत.

मूळ प्रयोग अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातला. सन-जू आन, जेरेमी बेलेन्सन आणि दूयॉन पार्क यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. सहभागींच्या एका गटाने हेडसेट चढवून आभासी जंगलात यांत्रिक करवतीने झाड तोडले. करवतीची थरथर हातातल्या उपकरणातून जाणवत होती. दुसऱ्या गटाने वृक्षतोडीचे वर्णन फक्त वाचले. नंतर प्रयोगकर्त्याच्या हातून जणू चुकून पाणी सांडे आणि ते पुसायला सहभागी किती कागदी रुमाल घेतो ते मोजले जाई. झाड तोडणाऱ्यांनी सुमारे २० टक्के कमी कागद वापरला.

या प्रयोगाचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. 'तुम्ही यापुढे कागद वाचवाल का?' असे विचारले तर कोण नाही म्हणेल? इथे मत विचारले नाही, कृती मोजली. आपल्या शाळांतील उपक्रमांचे मूल्यमापन बहुधा प्रश्नावलीवर थांबते, तेव्हा हा धडा घेण्याजोगा आहे.

आता मर्यादा पाहू. २० टक्के म्हणजे पाच रुमालांत एक, आणि तोही झाड पडल्याचा आवाज कानात ताजा असताना. पुढच्या प्रयोगात परिणामाचा मागोवा एक आठवड्यापर्यंत घेतला गेला. पण सवय आठवड्यात जडत नाही, तशीच मोडतही नाही. शिवाय तुलना झाली ती मजकूर वाचणाऱ्या वा चित्रफीत पाहणाऱ्यांशी. खऱ्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्याशी बसून वर्तुळे मोजणाऱ्या गटाशी नव्हे. म्हणजे 'वाचनापेक्षा अनुभव प्रभावी' एवढे या प्रयोगावरून म्हणता येईल. 'आभासी अनुभवच हवा' असे म्हणता येणार नाही.

याच विद्यापीठातून २०१८ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विद्यार्थ्यांना व प्रौढांना आभासी समुद्रतळाशी नेऊन समुद्राच्या आम्लीकरणाचे परिणाम दाखवले होते. सहभागींचे ज्ञान वा कुतूहल वाढले. पर्यावरणाविषयीची वृत्ती मात्र काही गटांतच बदललेली दिसली. जाणणे आणि वागणे यांतली दरी हेडसेटनेही आपोआप बुजत नाही.

चीनमधील 'अँट फॉरेस्ट'ची तऱ्हा वेगळी. अलिपे या पैसे भरण्याच्या ॲपमध्ये २०१६ साली तो सुरू झाला. पायी चालले, बिल ऑनलाइन भरले की गुण मिळतात, त्यांवर पडद्यावरचे झाड वाढते आणि ते पूर्ण वाढले की कोरड्या प्रदेशात खरे रोप लावले जाते. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याचा गौरव केला. इथे आभासी आणि खरे यांची गाठ पक्की आहे. पण ॲपला दिसते तेवढेच मोजले जाते. जुनीच वस्तू दुरुस्त करून वापरणारा माणूस काहीच विकत घेत नाही, म्हणून त्याचे गुणही वाढत नाहीत. गुण मिळवणे आणि निसर्गावरचा भार कमी करणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग खेळ टाकून द्यावेत का? मुळीच नाही. 'लिमिट्स टू ग्रोथ' (१९७२) या ग्रंथाचे एक लेखक डेनिस मेडोज यांनी मासेमारीवर 'फिश बँक्स' हा खेळ रचला. त्याच धर्तीचा खेळ चिंचोक्यांवर होतो. पाच मुलांमध्ये ४० चिंचोक्यांचे 'तळे' मांडा. दर फेरीला प्रत्येकाने किती घेणार ते गुपचूप चिठ्ठीवर लिहावे. उरलेले चिंचोके दुप्पट करा, पण ४० च्या वर नाही. प्रत्येकाने चार घेतले तर तळे कायम भरलेले राहते. पाच घेतले तर तिसऱ्याच फेरीत ते रिकामे होते! एका जादा चिंचोक्याचा हा हिशेब मुलांना कोणत्याही भाषणापेक्षा लवकर कळेल. आमच्या मते खेळाचे मोल नंतरच्या चर्चेत आहे: पहिला जादा चिंचोका कोणी उचलला, आणि का?

शिक्षकांनी आणखी एक करावे. खेळाआधी दोन आठवडे वर्गातील रद्दी कागद रोज वजन करून नोंदवा, खेळानंतर पुन्हा दोन आठवडे, आणि दोन महिन्यांनी परत एकदा. खेळ न खेळलेल्या दुसऱ्या वर्गाचीही तशीच नोंद ठेवा. मोजणी कशासाठी ते मुलांना आधी सांगू नका. फरक पडला नाही, तरी तेही फळ्यावर लिहा. कागद वाचला की नाही हे शेवटी तराजूच सांगेल.